एका पत्त्यावर एकच कान

आमच्या निवृत्त कर्मचारी संघाच्या वार्षिक अंकात दरवर्षी चार-पाच प्रवासवर्णनं असतात. मागच्या अंकात दोन दुबई, एक व्हिएतनाम आणि एक केदारनाथ होतं. चारही लेखांत हॉटेलातल्या नाश्त्याचं वर्णन इतकं सविस्तर होतं की मंडळी देश पाहायला गेली होती की फळांच्या फोडी मोजायला, असा प्रश्न पडावा. यंदा संपादकांनी मलाही लिहायला सांगितलं. मी परदेशी गेलेलो नाही. पण गेल्या डिसेंबरात थोरल्या बहिणीला घेऊन मी जो प्रवास केला, तो या मंडळींपैकी कुणी अजून केलेला नाही, आणि करायची पाळी मात्र सगळ्यांवर येणार आहे. नरखेड तालुक्यातलं एक खेडं, नागपूरच्या अमरावती रोडवरची वाडी आणि कामठी एवढाच त्या प्रवासाचा नकाशा. हेतू एकच, फुकट कान तपासून फुकट मशीन मिळवणं.

नरखेडच्या बाजूला

जाताना एसटीत पहिला अपघात झाला. हल्लीचे कंडक्टर गावाचं नाव पोटातल्या पोटात घेतात. त्यामुळे मी दोन थांबे पुढे उतरलो आणि संत्र्याच्या बागांमधून तीन किलोमीटर उलटा चालत आलो. कंडक्टरची तक्रार करण्यासाठी बसचा नंबर लिहून घेतला होता, तो चिठोरा वाटेत हरवला.

गोदाताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणजे चौऱ्याहत्तरची. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. गावात तिचं दोन खोल्यांचं घर आहे, मागे संत्र्याची थोडी झाडं आहेत आणि एक शेळी आहे. ती एकटी राहते आणि मजेत राहते. तिचा मुलगा प्रशांत पुण्याला अकराव्या मजल्यावर राहतो आणि रोज संध्याकाळी सातला फोन करतो. ऑक्टोबरात एकदा त्यानं लागोपाठ अकरा वेळा फोन केला. आईनं उचलला नाही. त्यानं घाबरून गावच्या सरपंचाला कळवलं. सरपंच चार माणसं आणि एक पहार घेऊन आले आणि त्यांनी दार तोडलं. आत ताई दाराकडे पाठ करून मूग निवडत बसली होती. तिला दार तुटल्याचा आवाज आला नाही. पाठीला वारा लागला म्हणून तिनं वळून पाहिलं, तर घरात पाच माणसं आणि पहार.

त्यानंतर प्रशांतनं निकाल जाहीर केला. संक्रांतीपर्यंत आईला फोन ऐकू यायला लागला तर ठीक, नाहीतर तो गाडी घेऊन येणार, घराला कुलूप लावणार आणि तिला पुण्याला नेणार. शेळी विकायची, झाडं ठेक्यानं द्यायची, असंही त्यानं ठरवून टाकलं होतं.

ताईनं मला गोळाभात वाढला. डाळीचे गोळे, त्यावर हिंग-लसणाची गरम फोडणी, कडेला लिंबाची फोड. हे व्हिएतनामला मिळत असेल असं वाटत नाही. जेवताना मी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "प्रशांत मशीन घेऊन देतो म्हणते ना? मंग काहून नाही घेत?"

"त्याची नको," ताई म्हणाली. "तो मशीन घेऊन देईन आन् तसाच गाडीत बसवून नेईन. अकराव्या मजल्यावर माणूस करते काय, मधू? खाली कोणाले हाक मारतो म्हटलं तं चिठ्ठी टाका लागते."

"मंग फुकटची घेऊ. वाडीले शिबिर हाय."

"फुकटची चालते," ती म्हणाली. "फुकट देणारा घरी येत नाही."

शिबिराचं पत्रक माझ्याजवळ होतं. वाडी परिसरातल्या ज्येष्ठांसाठी मोफत कान तपासणी, मोफत श्रवणयंत्र. 'परिसरातल्या' या शब्दाशी ताईचं गाव जुळत नव्हतं. पण नियम वाचला की त्याची पळवाट आपोआप दिसावी, इतकी वर्षं मी हेड क्लार्कच्या खुर्चीत काढली आहेत. मी राहतो ती वसाहत, आमच्या भाषेत लेआउट, वाडीच्या अलीकडेच आहे. श्रीमती गोदाबाई या कायमस्वरूपी आपल्या भावाकडे राहतात, असा रहिवासी दाखला मी आधीच तयार करून आणला होता. ज्यांनी सही केली त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनी दाखला वाचला नव्हता, त्यामुळे त्यांचा दोष नाही.

वाडी

कान तपासण्यासाठी सगळ्या नागपुरातली सर्वांत गोंगाटाची जागा शोधून काढायची असेल, तर ती संस्थेच्या मंडळींनी शोधली होती. हॉलच्या एका अंगाला ट्रान्सपोर्टचं गोदाम, दुसऱ्या अंगाला टायरचं दुकान, समोर अमरावती रोड. ट्रक मागे घेताना क्लीनर त्याच्या पाठीवर थापा मारत ओरडतो, ते बहिऱ्यालाही ऐकू येतं.

आल्या आल्या प्रत्येकाला तर्री घातलेले पोहे मिळाले. तर्री अस्सल होती. नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं. कानांवर काही परिणाम झाला नाही.

मग नावं पुकारायला सुरुवात झाली. हॉलमध्ये ऐकू न येणारे दीडशे लोक बसलेले आणि एक कार्यकर्ते लाउडस्पीकरवरून त्यांची नावं पुकारतायत. तीनदा पुकारून कुणी उठलं नाही की ते 'गैरहजर' लिहीत आणि पुढचं नाव घेत. अर्ध्या तासात निम्मा हॉल गैरहजर झाला होता. सगळे आपापल्या जागी बसून पोह्यांची प्लेट कुठं ठेवावी याचा विचार करत होते. शेवटी बायकांनी स्वतःच रांग धरली आणि प्रत्येकीनं पुढचीच्या पदराचं टोक हातात घेतलं. पुढची उठली की मागची आपोआप ओढली जाई. मी सरकारी नोकरीत इतकी सुरळीत रांग पाहिलेली नाही. ताईचं नावही म्हणे दोनदा पुकारून झालं होतं. मी शेजारीच होतो. लाउडस्पीकरच भिकार असेल तर माणूस काय करणार.

तपासणारी मुलगी पूनम, कामठीची. कपाटाएवढी एक लाकडी पेटी, तिला काचेची खिडकी, आत खुर्ची. म्हाताऱ्या माणसानं आत बसून कानाला हेडफोन लावायचा, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. पूनम बाहेर बसून एक चकती फिरवणार आणि कागदावर खुणा करणार. सोपं काम. ताई आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर जिल्ह्यात पहिली आल्याचा आनंद होता.

पूनम मला म्हणाली, "काका, आजीचे कान तं एकदम चांगले आहे. माझ्याहून चांगले. मशीनची गरजच नाही."

"तिच्या घराचं दार तोडलं तं तिले ऐकू नाही आलं," मी म्हणालो.

पूनमनं कागदाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. "पण त्यांनी सगळे बटन बरोबर दाबले ना."

ताईला बाजूला घेऊन ओरडत विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. रांगेतल्या बायकांनी एकमेकींना तयारी करून दिली होती. तपासून बाहेर आलेली प्रत्येक बाई पुढच्या बाईला खुणेनं सांगत होती, मॅडमच्या हाताकडे पाहायचं, हात हलला की बटण दाबायचं. ताई आयुष्यात चारच वर्षं शाळेत गेली, चौथी पास झाली आणि त्याचा अभिमान तिला अजून आहे. परीक्षा म्हटल्यावर ती नापास होणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून वाडीच्या एकाही बाईला कमी ऐकू येत नव्हतं. सगळ्या पास होऊन, मशीनशिवाय, हसत हसत घरी गेल्या होत्या.

"ताई, येथी नापास व्हाचं होतं," मी ओरडलो.

"तपासाले बलावते आन् नापास व्हा म्हणते," ताई म्हणाली. "असं कोठी असते काय?"

पूनमनं कपाळाला हात लावला. मग ती मला म्हणाली, "काका, असं करू, तुम्ही आत बसून दाखवा. आजीले दिसन, ऐकून दाबाचं म्हणजे कसं असते ते. मी खुर्ची फिरवून देतो, मंग माझा हात दिसणार नाही."

मी बसलो. माझ्या मनात एवढंच होतं की इथं तरी कुणीतरी काम नीट करून दाखवावं. हेडफोन लावला, बटण हातात धरलं, भिंतीकडे तोंड. बराच वेळ झाला. पेटीत छान शांतता होती. एकदोनदा दूर कुठंतरी काहीतरी गुणगुणल्यासारखं झालं, तेव्हा मी बटण दाबलं. बाकी काही नाही. शेवटी कंटाळून मी हेडफोन काढला आणि बाहेर येऊन म्हणालो, "मॅडम, मशीन चालू कराची राहिली वाटते."

पूनम उठून जवळ आली. "चालूच होती, काका," ती म्हणाली, पण मुद्दाम मोठ्यानं आणि सावकाश. "मलाही वाटलं बंद आहे म्हणून. मंग मी हेडफोन माझ्या कानाले लावून पाहिला. कान दुखला माझा."

तिनं कागद दाखवला. डावीकडून निघालेली रेघ मध्यापर्यंत कशीबशी येत होती आणि तिथून विहिरीत पडली होती. मी म्हणालो, टायरच्या दुकानाच्या आवाजामुळे असं झालं असेल. ती म्हणाली, मग पुन्हा बसा. पुन्हा बसलो. रेघ पुन्हा त्याच विहिरीत पडली.

त्या क्षणी मला कंडक्टर आठवला नाही आणि लाउडस्पीकरही नाही. मला माझी बायको नलू आठवली. गेल्या चार वर्षांत ती माझ्याशी कमी बोलायला लागली आहे अशी माझी समजूत होती, आणि मी मनातून म्हणत होतो की बरं झालं. ती बोलतच होती. एकदोनदा तिनं कान दाखवून घ्या म्हटलं होतं, ते मी ऐकून घेतलं नव्हतं की मला ऐकू आलं नव्हतं, हे आता सांगता येत नाही. मला स्वतःची फार लाज वाटली.

मग ताईची खुर्ची फिरवली. ताई अत्यंत व्यवस्थित नापास झाली.

मी माझाही अर्ज भरला आणि दोन्ही कागद घेऊन नोंदणीच्या टेबलाशी गेलो. तिथं संस्थेचे एक गृहस्थ कॉम्प्युटर घेऊन बसले होते, निवृत्त बँकवाले. त्यांनी दोन्ही अर्ज पाहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "दोन्ही अर्जांवर पत्ता एकच आहे. एका पत्त्यावर एकच मशीन. नियम आहे."

मी इतकी वर्षं ज्या आवाजात लोकांना परत पाठवलं, तोच हा आवाज. मी म्हणालो, "खरं सांगतो साहेब, ही माझ्याकडे राहत नाही."

"मग त्यांना मिळणार नाही. शिबिर परिसरातल्या लोकांसाठी आहे," ते म्हणाले. "आणि हा दाखला खोटा आहे असं लिहून देता का?"

एखाद्याची फाईल इतकी सुंदर अडवलेली मी माझ्या कारकिर्दीतही पाहिली नव्हती. मनातल्या मनात मी त्यांना पदोन्नती देऊन टाकली.

ताई काय चाललंय म्हणून विचारत होती. पूनमनं तिला मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, दोघांत एक. ताईनं ते चौथी पासच्या हिशोबानं एकेक अक्षर लावून वाचलं.

"तं तू घे," ती मला म्हणाली. "तुले बायको हाय बोलाले. मले कोण हाय, बकरी. मी जातो पुण्याले."

तिनं ते अगदी सहज म्हटलं. मला तिच्या मागच्या अंगणातली झाडं दिसत होती आणि अकराव्या मजल्यावरची खिडकी दिसत होती. खरं सांगतो, क्षणभर मोहही झाला. मशीन समोरच्या डब्यात होतं.

"मले काही झालं नाही," मी तिच्या कानात ओरडलो. "माझ्या बायकोलेच हळू बोलाची सवय हाय. तू घे."

आख्ख्या हॉलला ते ऐकू गेलं. तेवढं एकच वाक्य त्या दिवशी सगळ्यांना नीट ऐकू आलं असेल.

पूनमनं ताईच्या डाव्या कानात गुलाबी लगदा भरला. त्यावरून कानाचा साचा होतो आणि मशीन त्या एका कानातच बसतं. "कनिक भरून राहिली काय वं माय?" ताईनं विचारलं. मशीन आठ दिवसांनी कामठीच्या कार्यक्रमात मिळेल असं सांगण्यात आलं.

कामठी

कामठीला आम्ही शेअर ऑटोनं गेलो. तिघांच्या जागेत पाच. ताईच्या मांडीवर कुणाची तरी पिशवी, पिशवीत कोंबडी. कोंबडी वाटभर ओरडत होती म्हणे. आम्हा दोघांचाही प्रवास शांततेत झाला.

आम्ही आपले समजत होतो की खिडकीवर सही करायची आणि मशीन घेऊन निघायचं. तिथं मंडप, हार, समई आणि एक मोठे पाहुणे होते. फुकटची वस्तू आपल्याकडे कधीच नुसती देत नाहीत. घेणाऱ्याला आधी तीन तास बसवून त्याची किंमत वसूल केली जाते. पाहुण्यांनी ऐकण्याचं महत्त्व या विषयावर पाऊण तास भाषण केलं. सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, "आवाज येतो ना सगळ्यांना?" समोरच्या ओळीतले चाळीस लाभार्थी त्यांच्याकडे अदबीनं पाहत राहिले. पाहुण्यांनी ती संमती समजली.

नंतर एकेकाला स्टेजवर नेलं. पाहुणे स्वतःच्या हातानं मशीन कानात घालणार आणि फोटो निघणार. फोटोग्राफर उजवीकडे उभा होता. साहजिकच मशीन प्रत्येकाच्या उजव्या कानात जात होतं, साचा कुठल्याही कानाचा असो. ताईचा साचा डाव्या कानाचा. पाहुण्यांनी तो उजव्या कानात दाबून पाहिला, फिरवून पाहिला, शेवटी बोटानं धरून ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. "आता येतं ना ऐकू, आजी?" त्यांनी माईकवर विचारलं. ताईनं त्यांना नमस्कार केला. मशीनमध्ये सेल नव्हता. सेल मागच्या खोलीत होते.

मागच्या खोलीत पूनम होती. बाहेर टाळ्या चालू असताना ती एकटी खाली मान घालून प्रत्येकाचं मशीन काढून, सेल घालून, बरोबर कानात बसवून देत होती. तिचा फोटो कुणी काढला नाही. तिनं ताईच्या डाव्या कानात मशीन बसवलं आणि बारीकशी चकती फिरवली.

ताई एकदम ताठ बसली. तिनं दाराकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"हे काय कुरकुर करून राहिलं?"

"पंखा आहे, आजी," पूनम म्हणाली, नेहमीच्या आवाजात.

"तेलपाणी नाही करत काय त्याले?" ताई म्हणाली. मग तिनं मला विचारलं, "मधू, किती वाजून राहिला गा हा. तुले नाही त्रास होत?"

मी वर पाहिलं. पंखा फिरत होता. बाहेरच्या गल्लीतले पॉवरलूम मला ऐकू येत होते, ते भिंतींनाही ऐकू येत असावेत. पंखा मात्र मुका होता. मी म्हणालो, "होते तं." ताईनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

पुन्हा नरखेडच्या बाजूला

ताईला पोचवायला गेलो. या वेळी कंडक्टरला मीच आधी चिठ्ठी लिहून दिली होती, त्यामुळे योग्य थांब्यावर उतरलो. ताईनं तुरीच्या शेंगा उकडल्या. मी ओसरीवर शेंगा सोलत बसलो. तिचा मोबाइल माझ्या गुडघ्याजवळ पाटावर ठेवलेला. ती मागे शेळीला चारा टाकत होती.

थोड्या वेळानं ती ओल्या हातांनी लगबगीनं आली. मला वाटलं, माझ्यासाठी मीठ आणलं. तिनं पदराला हात पुसले, माझ्या गुडघ्याजवळचा मोबाइल उचलला आणि कानाला लावला. सात वाजले होते.

बरंच बोलणं झालं. बोलणं संपल्यावर ती माझ्याजवळ बसून इतकी हसली की मशीन कानातून सुटायला आलं. काय झालं म्हणून मी विचारलं. तिनं माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं सांगितलं.

"तो म्हणे, मामा तेथीच बसला होता तं त्यानं काहून नाही उचलला. मी म्हटलं, त्याले ऐकू येत नाही. तं म्हणते, मंग मामाले असं एकटं फिरू देऊ नको. संक्रांतीले गाडी घेऊन येतो, मामाले पुण्याले घेऊन जातो."

ताईचं पुणं टळलं. ती अजून तिथंच आहे, शेळीही आहे. सकाळी चिमण्या फार गोंगाट करतात अशी तिची तक्रार आहे.

फेब्रुवारीत असंच एक शिबिर नरखेडला लागणार आहे, तालुक्यातल्या ज्येष्ठांसाठी. मी अर्ज भरला आहे. श्री. मधुकर हे कायमस्वरूपी आपल्या बहिणीकडे राहतात, असा दाखला ताईनं त्याच सरपंचांकडून आणून दिला. मशीनच्या हिशोबात ताईचा पत्ता माझ्या घरचा आहे, त्यामुळे तिच्या घरचा पत्ता रिकामाच होता. नियम कुठंही मोडलेला नाही.

अर्ज घरी टेबलावर ठेवला होता. नलूनं तो उचलून पूर्ण वाचला आणि खाली ठेवताना काहीतरी म्हणाली. एरवी मी अशा वेळी मान हलवतो. या वेळी मी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणालो, "काय म्हटलं? पुन्हा सांग."

ती वळली. चार वर्षांत मी असं पहिल्यांदाच विचारलं असावं. मग ती खुर्चीजवळ आली आणि माझ्या कानाशी वाकली.

"म्हटलं, मशीन भेटेपर्यंत तिकडंच राहा."